डूचं गोत्र

लग्नघरात एक काका असतात. तांदूळ निवडून झाले का इथपासून वाजंत्र्यांची बिदागी दिली का इथपर्यंत सगळं त्यांच्याकडे. प्रत्येक फोटोत ते कडेला दिसतात, प्रत्येक वादात त्यांचं नाव निघतं, आणि ते नेमके कुणाचे कोण असं विचारलं की वरपक्ष वधूपक्षाकडे बोट दाखवतो, वधूपक्ष वरपक्षाकडे. इंग्रजीच्या घरात 'डू' या क्रियापदाचं असंच आहे. त्याच्यावाचून साधा प्रश्न विचारता येत नाही, साधा नकार देता येत नाही, आणि त्याचा अर्थ काय म्हणून विचारावं तर शिकवणाराही खिडकीबाहेर बघू लागतो.

'व्हेअर डू यू लिव्ह?' हे वाक्य घ्या. व्हेअर म्हणजे कुठे, यू म्हणजे तुम्ही, लिव्ह म्हणजे राहणे. 'तुम्ही कुठे राहता?' झालं. डू कुठे गेला? तो मराठीत आलाच नाही, आणि तरी वाक्यात काही कमी पडलं नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आपल्या पणजोबांपासून आजच्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी हा डू न चावता गिळला आहे. 'ते तसंच असतं' हे त्यावरचं उत्तर, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचंही नाही.

या डूपायी मराठी माणसाच्या हातून होणारी सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे 'डिड यू वेन्ट?' मला ही चूक फार प्रामाणिक वाटते. मराठीत काळ क्रियापदाच्या अंगावर दिसतो: गेलास, आलास, जेवलास. तो तिथून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा ही कल्पनाच आपल्याला नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न विचारला रे विचारला की भूतकाळ, पुरुष, वचन हे सगळं डूवर लादलं जातं आणि खरं क्रियापद हात झटकून मोकळं होतं. 'डिड यू गो', 'डज शी सिंग'. गाणं तिचं, आणि 'ती'ची खूण मात्र डूच्या अंगावर. 'डिड यू वेन्ट' म्हणणारा बिचारा दोघांनाही भूतकाळ देतो, इतकंच.

त्यात उच्चाराची गंमत. गो, सो, नो यांच्या पंगतीत बसून हा 'डो' होत नाही, 'डू' होतो. पुढे एस लागला की 'डज', एन लागला की 'डन', आणि नकार जोडला की अचानक 'डोन्ट' होऊन पुन्हा पंगतीत परत येतो. पाचवीतल्या मुलाने यावर रडावं की हसावं हे ज्याने त्याने ठरवावं.

मुळात इंग्रजी माणूस नेहमी असा बोलत नव्हता. चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, प्रश्न विचारायचा तर क्रियापद सरळ कर्त्याच्या आधी आणून ठेवत, आणि नकार द्यायचा तर क्रियापदापुढे 'नॉट' लावत. आजच्या जर्मनमध्ये अजून हेच चालतं. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा आहेत. पात्राला जिथे जे तोंडाला बसेल, छंदात मावेल, ते चालतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'त्यांना ठाऊक नव्हतं' हे डूशिवाय येतं, आणि 'त्याने खाल्लं' या साध्या, होकारार्थी वाक्यात मात्र काही जागी 'डिड' येऊन बसतो. म्हणजे आज जिथे तो हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे. आल्वार एलेगार्ड या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ मध्ये जुने ग्रंथ पालथे घालून, कोणत्या काळात कोणत्या तऱ्हेच्या वाक्यात हा डू किती वेळा येतो याची मोजदाद प्रसिद्ध केली. भाषेच्या इतिहासात अशी बैठक मारून केलेली मोजणी मला सिद्धान्तांपेक्षा जास्त भावते.

सोळाव्या शतकात हा बिनकामाचा डू होकारार्थी वाक्यातही जागोजाग पसरला होता. कवींना तर तो वरदानच, कारण एक मात्रा कमी पडली की ठोक डू. अलेक्झांडर पोपने १७११ मध्ये टीकेवरच्या आपल्या पद्यनिबंधात अशा भरतीच्या शब्दांची टर उडवली, आणि टर उडवणाऱ्या त्याच ओळीत मुद्दाम एक भरतीचा डू बसवला. पुढे १७५५ च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात डॉ. जॉन्सननी या वापराला दूषित बोलणं म्हटलं. होकारार्थी वाक्यातून मग तो गेला. प्रश्नात आणि नकारात मात्र त्याने ठाण मांडलं ते कायमचं.

हे झालं कसं याबद्दल भाषापंडितांत एकमत नाही. एक मत असं की इंग्रजी येण्याआधी त्या बेटावर बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषांची ही देणगी. वेल्श आणि कॉर्निश या भाषांत 'करणे' अशा अर्थाच्या क्रियापदाची जोड देऊन वाक्य बांधायची रीत आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेट-डॉर्सेट भागातल्या बोलीत साध्या वाक्यातही बिनजोराचा डू अगदी अलीकडेपर्यंत टिकला. आणि हा भाग कॉर्नवॉलपासून फार दूर नाही. दुसरं मत असं की जुन्या इंग्रजीत डूचा अर्थ 'करवणे' असाही होता, 'घर बांधवलं' अशा वाक्यांत तो येई, आणि करवणं झिजत झिजत नुसतं डू उरलं. पहिलं मत मला अधिक आवडतं, जिंकणाऱ्यांच्या भाषेत हरलेल्यांचं व्याकरण शिरलं हे ऐकायला बरं वाटतं म्हणून. पण बरं वाटणं हा पुरावा नव्हे.

होकारार्थी वाक्यात डू आज उरला तो दोन ठिकाणी. एक कायद्याच्या भाषेत. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या, खासदार-आमदारांच्या, न्यायमूर्तींच्या शपथा आहेत. त्यांच्या इंग्रजी मसुद्यात 'मी, अमुक अमुक' यानंतर पहिला शब्द येतो तो हाच भरतीचा डू. जॉन्सननी घराबाहेर काढलेला हा शब्द वकिलांनी जपून ठेवला आणि तो थेट मंत्रालयापर्यंत पोचला. दुसरं ठिकाण म्हणजे ठासून सांगणं. 'आय डू नो' म्हणजे 'मला माहीत आहे की!' इथे मराठीचा हात इंग्रजीच्या वर आहे असं मला वाटतं. त्यांना जिथे अख्खं क्रियापद उभं करावं लागतं तिथे आपलं एका अक्षरात भागतं. 'सांगितलं होतंच.' 'आहे की.' 'डू सिट डाउन' म्हणजे 'बसा ना'. त्या 'ना'मध्ये आग्रह आहे, आर्जव आहे, आणि बसला नाहीत तर थोडा रागही आहे. डूच्या वाट्याला एवढं सगळं येत नाही.

उलट एका गोष्टीत इंग्रजीची सोय मोठी. आपण 'येतोस का?' विचारलं तर उत्तर 'येतो'. 'जेवलास?' 'जेवलो.' म्हणजे विचारणाऱ्याचं क्रियापद उत्तर देणाऱ्याने पुन्हा उचलायचं. इंग्रजीत 'आय डू', 'आय डिड' म्हटलं की कोणत्याही क्रियापदाचा हिशेब चुकता होतो. सर्वनाम जसं नामाच्या जागी बसतं, तसा डू क्रियापदाच्या जागी बसतो. आणि 'व्हॉट डू यू डू?' या प्रश्नात तर दोन डू: पहिला पोकळ, दुसरा भरीव. हा दुसरा आपल्याही ओळखीचा. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाचं उत्तर 'सकाळी उठतो, चहा पितो' असं कुणी देत नाही. दोन्ही भाषांत 'करणे' एकटं उभं राहिलं की त्याचा अर्थ पोटापाण्याचा उद्योग असा होतो, हे काही मला योगायोगाचं वाटत नाही. माणूस म्हणजे त्याचं काम, हा हिशेब तिथेही तोच आहे.

आता त्या काकांचं नातं. जुन्या इंग्रजीत याचं रूप 'डोन' असं होतं, आणि त्याच्याही मागे गेलं तर अर्थ 'करणे' हा नव्हताच, 'ठेवणे' हा होता. 'ठेवणे'पासून 'करणे'पर्यंत शब्द कसा जातो याचा उलगडा मराठी माणसाला लवकर होतो, कारण आपणही या दोहोंची गाठ मारतो. 'काय करून ठेवलंस!' 'लिहून ठेव.' 'सांगून ठेवतो.' काम पुरं झालं याची खूण म्हणून आपण ते जणू कुठेतरी नेऊन ठेवतो. इंग्रजीत तो जुना अर्थ दोन लहान शब्दांत अजून धरून आहे. अंगात घालणे म्हणजे 'डॉन', टोपी काढणे म्हणजे 'डॉफ'. 'डू ऑन' आणि 'डू ऑफ' यांचे ते मिटलेले अवशेष. अंगावर ठेवणे, अंगावरून बाजूला ठेवणे.

आणि 'अंगावर घालणे' याला आपला भारदस्त शब्द कोणता? परिधान. परि म्हणजे भोवती, आणि धान आलं 'धा' या धातूपासून, ज्याचा संस्कृतातला अर्थ ठेवणे, धारण करणे. हा धा आणि तो डू एकच. नुसता उच्चार जवळचा म्हणून नव्हे. परीकथांमुळे ज्यांना आपण ओळखतो त्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या जेकबने १८२२ मध्ये ध्वनिबदलाचा जो नियम मांडला, त्याप्रमाणे संस्कृतातल्या 'ध'च्या जागी इंग्रजीत 'ड' येतो, आणि तो एखाद्या शब्दात नाही तर ओळीने येतो. विधवा आणि विडो. मध्य आणि मिड. रुधिर आणि रेड. मधु आणि मधापासून केलेलं मद्य 'मीड'. त्याच रांगेत धा आणि डू. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनी १७८६ च्या फेब्रुवारीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं सांगितलं, ते व्याख्यान सगळ्यांना ठाऊक असतं. पण नात्याचा खरा पुरावा या रुक्ष रांगांमध्ये आहे.

इथे एका मोहापासून सावध करायला हवं. पाणिनीच्या धातुपाठात कृ हा धातू 'डुकृञ्' असा लिहिलेला आहे आणि धा हा 'डुधाञ्' असा. शंकराचार्यांच्या नावे चालणाऱ्या भज गोविंदम् स्तोत्रात घोकंपट्टी करणाऱ्या म्हाताऱ्याची ज्यावरून कानउघाडणी होते, तो हाच डुकृञ्. आता, करण्याच्या धातूपुढे 'डु' दिसला की कुणालाही वाटेल, सापडलं इंग्रजी डूचं मूळ! मोबाइलवर फिरणाऱ्या ज्ञानाला एवढं पुरेसं आहे. पण तो 'डु' धातूचा भाग नाहीच. ती पाणिनीची खूण आहे. ज्या धातूला 'डु' लावला त्याला एक ठरावीक प्रत्यय लागतो, आणि तो कृ ला लागला की शब्द तयार होतो 'कृत्रिम'. म्हणजे डु वरून डू काढणं हे त्या प्रत्ययाला शोभेलसंच आहे. खरं नातं खुणेत नसून खुणेच्या पुढे उभ्या असलेल्या धा मध्ये आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की खोट्याची गरज पडू नये.

कारण या धाचा पसारा बघा. निधी म्हणजे आत ठेवलेलं. संधी म्हणजे एकत्र ठेवलेलं, मग ती दोन स्वरांची असो की दोन राज्यांची. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, कारण धाचं भूतकाळवाचक रूप 'हित' असं होतं. त्याच 'हित'पासून संहिता, विहित, सहित, आणि सहितपासून साहित्य. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा धातू दोनदा भेटतो, एकदा 'पुरोहित' मध्ये आणि एकदा 'रत्नधातम' या विशेषणात. समाधान, व्यवधान, विधान, प्रधान, प्रतिनिधी, समाधी. आळंदीच्या समाधीपासून आमदार निधीपर्यंत त्याचा वावर आहे. मेधा हा शब्दही त्यातलाच, मन आणि धा यांच्या जोडणीतून आलेला. पारशी ज्याला अहुरमज्द म्हणतात त्यातला 'मज्द' तिचाच इराणी भाऊ.

सगळ्यात जिवाला लागणारी जोडी मात्र विधी आणि 'डूम'. डूम हा डूचाच जुना नातलग. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कायदा, निवाडा असा होता. विजयी विल्यमने १०८६ मध्ये इंग्लंडच्या जमिनींची पाहणी करून जे दप्तर केलं, त्याला लोकांनी 'डूम्सडे बुक' म्हटलं ते त्यातल्या नोंदीवर अपील नाही म्हणून. पुढे डूमचा अर्थ दैव, आणि तेही वाईट दैव, असा झाला. आणि आपला विधी? तो सरकारच्या विधी व न्याय विभागात आहे आणि विधिलिखितातही आहे. कुणीतरी ठेवून दिलेलं ते नियम, आणि कुणीतरी आपल्यासाठी ठेवून दिलेलं ते नशीब. दोन भाषा हजारो मैलांवर, एकमेकींची खबरबात नसताना, एकाच धातूवरून एकाच दोन अर्थांपाशी पोचल्या. न्यायाची ग्रीक देवता थेमिस, तिचंही नाव याच धातूचं.

लॅटिनमध्ये हाच धातू 'फॅ' असा झाला आणि 'करणे' या अर्थाने चालू लागला. तिथून फॅक्ट, फॅक्टरी, फॅशन, इफेक्ट, प्रॉफिट, सर्टिफिकेट आणि ऑफिस. ग्रीकमधून थीम आणि थीसिस. आणि क्रेडिट? त्याच्या मुळाशी लॅटिनचं विश्वास ठेवणारं क्रियापद आहे, ज्याचे दोन तुकडे जसेच्या तसे आपल्याकडे 'श्रद्धा'त आहेत: श्रत् आणि धा. बँक ज्या जोरावर क्रेडिट कार्ड देते आणि वारकरी ज्या जोरावर चालतो, ते शब्दापुरतं तरी एकच आहे. लग्नातही पाहा. इंग्रजी सिनेमातली नवरी 'आय डू' म्हणते (इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात उत्तर 'आय विल' आहे, पण सिनेमापुढे प्रार्थनापुस्तकाचं काय चालणार), आणि आपल्याकडे भटजी ओरडतात 'सावधान'. अवधान म्हणजे मन तिथे ठेवणं, धा तोच. समर्थ रामदासांच्या आख्यायिकेतला नारायण तो ऐकून बोहल्यावरून पळाला, तिकडची नवरी तोच उच्चारून बोहल्यावर राहते.

मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर गांधीजींनी जो मंत्र दिला त्यातही डू आहे. 'डू ऑर डाय' ही जोडी इंग्रजीत जुनी. रॉबर्ट बर्न्सने १७९३ मध्ये स्कॉटलंडच्या बॅनकबर्न लढाईवर लिहिलेल्या गाण्याचा शेवट तिच्यावरच होतो. हिंदुस्थानीत ती 'करेंगे या मरेंगे' झाली. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: काय करायचं ते सांगितलेलंच नाही. करणे या सकर्मक क्रियापदाला कर्म नाही. व्याकरणाच्या मास्तरांनी वाक्य अपुरं म्हणून खाली लाल रेघ ओढली असती. पण दुसऱ्याच दिवशी पहाटे नेत्यांना अटक झाली आणि कर्म काय ते ज्याने त्याने आपापल्या गावी ठरवलं.

मराठीत धा क्रियापद म्हणून उरला नाही. 'मी पुस्तक टेबलावर धातो' असं कुणी म्हणत नाही. तो नामांत जाऊन राहिला, आणि व्याकरणात त्याने अढळपद मिळवलं, कारण क्रियापदाच्या मूळ रूपाला आपण जे म्हणतो ते 'धातू' हे त्याचंच अपत्य. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि तिथून शाळेच्या पुस्तकापर्यंत आपण धातू हा शब्द वापरत आलो. इंग्रजीतलं एक क्रियापद आणि आपल्याकडचा क्रियापदाच्या मुळाचा शब्द एकाच पोटचे निघावेत, यावर मी बरेचदा विनाकारण खूश होतो.

पण डूचं आजचं काम आपल्याकडे धा करत नाही. ते कृ करतो, म्हणजे करणे. परकी क्रिया दारात आली की तिला हात धरून आत आणणारा हाच. फारसीच्या काळात त्याने मंजूर, कबूल, माफ, वसूल, रवाना यांना आत घेतलं. इंग्रजीच्या काळात फोन, चेक, सेव्ह, डिलीट, फॉरवर्ड, मिस, अॅडजस्ट. तेहरानमधला माणूसही फोन 'करतो', आणि त्याचं 'कर्दन' हे आपल्या करण्याचंच भावंड. जपानी माणूस 'सुरू' म्हणून तेच साधतो. म्हणजे यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इंग्रजीला मात्र हा दारवान लागत नाही. त्यांनी आपला 'लूट' नेला आणि लगेच त्याला स्वतःचे प्रत्यय चढवले. आपणही पूर्वी कधी कधी तेवढी हिंमत दाखवत होतो: बदलणे, खर्चणे, फर्मावणे, नवाजणे ही सगळी अरबी-फारसी मुळं मराठी प्रत्यय लावून आपलीशी केलेली. इंग्रजी क्रियापदाला असा थेट मराठी प्रत्यय लागलेला, 'गुगलून बघ' यासारखा थट्टेचा अपवाद सोडला तर, फारसा ऐकू येत नाही.

माझी तक्रार डाउनलोड करण्याबद्दल नाही. ती क्रियाच नवी आहे, तिचं नाव तिने बरोबर आणलं, तर येऊ दे. तक्रार वेगळी आहे. इंग्रजीने डूला प्रश्नाच्या, नकाराच्या ओझ्याला जुंपलं तेव्हा स्वतःची क्रियापदं मोडीत काढली नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात चॉप आहे, मिन्स आहे, ग्रेट आहे, सिमर आहे. डूने एकाचीही जागा घेतली नाही. आपलं करणे मात्र आता ज्या क्रियांना आपल्याकडे स्वतःचं नाव होतं त्यांच्या जागी परक्यांना बसवू लागलं आहे. 'कट करणे' आलं आणि त्याच्याखाली चिरणे, कापणे, खुडणे, मोडणे ही चार निरनिराळी कामं गाडली गेली. 'ग्राइंड करणे' म्हटलं की वाटलं, दळलं, कुटलं, भरडलं की कांडलं हे कळत नाही, आणि चटणीला ते कळावं लागतं. 'रोस्ट करणे' आणि 'फ्राय करणे' यांच्या मध्ये भाजणे, शेकणे, परतणे, तळणे होती. 'वॉश करणे' म्हणताना भांडी विसळली की घासली, कपडे धुतले की नुसते खंगाळले, ते बोलणाऱ्यालाच सांगता येत नाही. याला मी भाषाशुद्धीचा प्रश्न मानत नाही. ज्याला खुडणे ठाऊक नाही तो मेथीच्या जुडीवर सरळ सुरी फिरवतो आणि देठंही भाजीत येतात. शब्द गेला की हाताची सवयही जाते.

दामल्यांच्या व्याख्येतले धातू कोशात सुरक्षित आहेत. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तर आज ऐकूही न येणारी कितीतरी क्रियापदं अर्थासकट बसलेली आहेत. कोशातली क्रियापदं बाहेर काढायला मात्र कोशकार येणार नाहीत. तेव्हा फोन करा, ऑर्डर कॅन्सल करा, व्हिडिओ फॉरवर्ड करा, माझी हरकत नाही. पण मेथी खुडा, गवार मोडा, कांदा चिरा. आणि घरातल्या मुलांना, मुलगा असो वा मुलगी, ही तिन्ही कामं तीन वेगळ्या नावांनीच सांगा.